सरीत लावलेली झाडं

आमच्या गावात दिवाळी झाली की आधी काजळी येते, थंडी तिच्या मागून सवडीनं येते. साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, मोळी टाकायचा कार्यक्रम होतो, पुढाऱ्यांची भाषणं होतात, गव्हाणीत ऊस पडायला लागतो आणि मग एका सकाळी अंगणात काळे, पातळ तुकडे दिसायला लागतात. हात लावला की मोडतात, पुसायला गेलं की पसरतात. रस काढून उरलेलं उसाचं चिपाड बॉयलरात जाळतात, त्यातून धुराड्यावाटे जे उडतं ते हे. आमच्याकडे त्याला राख म्हणत नाहीत. राख चुलीतली, भांडी घासायला कामाची. ही नुसती काजळी.

मी लग्न होऊन या गावात आले ती ऐन हंगामात. माझं माहेर सास्तूरच्या बाजूचं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या वस्तीत मी वाढले. तिथं रस्ते रुंद, घरं एका मापाची आणि आभाळ स्वच्छ. इथं आल्यावर मी हौसेनं सगळ्या घराची धुणी धुतली, आहेरातलं पांढरं धोतरसुद्धा, आणि दोरीवर टाकली. दुपारी काढायला गेले तर सगळ्यावर काळे ठिपके. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. नवी नवरी असूनही मी अंगणात उभी राहून ओरडले, "कुणी पेटवलीय ही चूल? जरा शेजारपाजार बघून पेटवावी की!" सासूबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग पदरानं डोळे पुसत त्यांनी कारखान्याच्या धुराड्याकडं बोट केलं.

"ती बघ चूल. आन पेटवणारं बी आपल्याच घरचं हाय. तुजं मामा तिथंच असत्यात."

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या म्हणायची, आमच्या भागातली रीतच तशी. मामा कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. त्यांच्या हाताखाली जे जळायचं तेच उडून त्यांच्याच पत्र्यावर येऊन पडायचं. पाळी संपवून घरी आले की चहा घ्यायच्या आधी ते शिडी लावून वर चढायचे आणि पत्रा झाडायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. आत्या खालून म्हणायच्या, "खाली या की आता, उद्या परत पडणारच हाय." ते झाडतच राहायचे. झाडून झालं की खाली यायचे, हातपाय धुवायचे आणि चहा प्यायचे.

आपण कशाकशाला सरावतो याचं मला आता नवल वाटतं. दुधाच्या पातेल्यावर ताटली, पिठाच्या परातीवर फडकं, पाण्याच्या रांजणावर दुहेरी कापड. कुरडया वाळत घालायच्या त्या हंगाम संपल्यावर, आणि हंगाम लांबला तर त्या वर्षी कुरडया करायच्याच नाहीत. लेकराला अंगणात खेळायला सोडलं तर ते रानातल्या कोळशाच्या भट्टीवरून आल्यासारखं घरात यायचं. आम्ही हे सगळं हसत करायचो. पण आत्यांना दम लागायचा. हंगामात त्यांच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा आणि बोलता बोलता वाक्य मधेच तुटायचं. कळंबला डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, धुरापासून आणि धुळीपासून लांब राहा. आत्या परत येताना एसटीत मला म्हणाल्या, "घर उचलून कडंवर घिऊ का काय?" कडंवर म्हणजे कडेवर. आम्ही दोघी हसलो, आणि हसल्यावर त्यांना परत दम लागला.

कारखान्याची भिंत आणि आमची शेवटची गल्ली यांच्या मधे एक लांबट जमीन पडून होती. मुरमाड. तिच्यावर वेड्या बाभळी, फाटक्या चपला, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि सकाळी सकाळी डबा घेऊन जाणारी माणसं. गावात त्या जागेला काही नावसुद्धा नव्हतं. तिकडं, म्हणायचो. कारखान्याला जेव्हा वाढ करायची होती तेव्हा गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला शाळेच्या पटांगणात मांडव टाकला गेला. साहेब लोक आले. गावातले बोलके लोक उठून बोलले, कुणी नोकऱ्या मागितल्या, कुणी रस्ता. आत्यांना बोलायचं होतं, पण त्यांचा दम पुरणारा नव्हता. म्हणून त्यांनी दुसरंच केलं. घरी आल्या, मांडणीवरून एक ताट काढलं, त्यात आदल्या दिवशी मुद्दाम वाळत घातलेल्या कुरडया ठेवल्या आणि ते ताट नेऊन साहेबांच्या टेबलावर मांडलं. कुरडया कुठल्या, काळ्या जाळ्या होत्या त्या.

"खावा," आत्या म्हणाल्या. "आमी रोज खातो."

 डोक्यावरचा पदर नीट करून परत येऊन बायकांत बसल्या.  घरात जी बाई पाहुण्यांसमोर यायला संकोचायची ती टेबलापर्यंत गेली कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यातूनच तो पट्टा आला. भिंत आणि घरं यांच्या मधे झाडं लावायची, दाट पानांची, म्हणजे काजळी तिथंच अडेल, असं ठरलं. जमीन कारखान्यानं सोडायची, रोपं आणि पाण्याची नळी द्यायची, लावायची आणि जगवायची गावानं. वनखात्याच्या एक बाई येऊन सगळं समजावून गेल्या. खड्डे लांब लांब घ्या, एका ओळीतल्या दोन झाडांच्या मधोमध पुढच्या ओळीतलं झाड येऊ द्या, भिंतीच्या बाजूला झुडपं, मधे करंज, कडुनिंब, शिरीष. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला आमच्या गावात काही अडचण येत नाही.

लागवडीच्या दिवशी बाई दुसऱ्या गावात अडकल्या. इकडं रोपांची ट्रॉली येऊन उभी राहिली, सगळं गाव जमलं, आणि माझा धाकटा दीर ट्रॅक्टर घेऊन आला. तो आदल्या दिवसापर्यंत उसाच्या लागणीच्या सऱ्या पाडत होता, अवजार तसंच मागं अडकवलेलं होतं. त्यानं काहीएक विचार न करता पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सऱ्या ओढल्या. सरळ, सारख्या, एकमेकींना खेटून. आणि त्या बघून कुणालाही काही चुकलं असं वाटलं नाही. उलट म्हातारी माणसं म्हणाली, "सऱ्या लई देखण्या पडल्यात." मग काय, उसाच्या गावाला सरी दिसली की हात आपोआप चालायला लागतात. बायका ओचे खोचून सरीत उतरल्या. उसाचं टिपरं, म्हणजे लागणीचं कांडं, जेवढ्या अंतरावर लावायचं त्याच्याहून जरा लांब रोप ठेवायचं, माती ओढायची, पायानं दाबायचं, पुढं सरकायचं. आत्यासुद्धा उतरल्या. थांबत थांबत त्यांनी एकच रोप लावलं, करंजाचं, मधल्या सरीत. त्याच्या शेजारी आमच्या शेजारणीनं कडुनिंब लावला. त्यांना सगळी गल्ली वयनी म्हणते. या दोघींचं नळाच्या पाण्यावरून रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

संध्याकाळी वनखात्याच्या बाई पोचल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय केलंत? ही झाडं आहेत, ऊस नाही!"

दीर ट्रॅक्टरवरून म्हणाला, "मॅडम, हे पीक कसं येतंय बघू. खोडव्याला सुधारणा करू."

ऊस तोडल्यावर बुडख्यापासून जे पुन्हा येतं तो खोडवा. लोक पोट धरून हसले. बाईसुद्धा हसल्या, पण जाताना बजावून गेल्या की चार-दोन वर्षांनी यातली निम्मी झाडं काढावी लागतील, नाहीतर एकही धड वाढणार नाही. आम्ही परत माना डोलावल्या.

पुढच्याच हंगामात आत्या गेल्या. तिसऱ्या दिवशी राख सावडली. नदीला त्या दिवसांत पाणी कुठलं, नुसती डबकी होती. तरी रीत म्हणून भावकी निघायच्या तयारीत होती. मामांनी मडकं उचललं आणि ते उलट्या दिशेला चालायला लागले. कुणाला कळेना. ते पट्ट्यात शिरले, सऱ्या ओलांडत करंजाच्या रोपापाशी थांबले. तेव्हा ते रोप माझ्या गुडघ्याएवढं होतं.

"ही जागा हिनंच मागून घेतलेली हाय," ते म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ दे तिला."

भावकीतली म्हातारी माणसं कुरकुरली. मामांनी ऐकून घेतलं, खाली बसले, बोटांनी माती उकरली आणि रोपाच्या बुडाशी मडकं रितं केलं. मग माती ओढून पायानं नाही, तळहातानं दाबली. मी मागं उभी होते. आयुष्यभर ज्या माणसानं घरावर पडलेलं जळकं झाडून काढलं, तो माणूस ते मडकं किती सावकाश ओतत होता, हे बघून मला हुंदका आवरला नाही.

त्याच साली वयनींचा नवरा गेला. त्यांनीही नदी नको म्हणून सांगितलं आणि आपल्या कडुनिंबाच्या बुडाशी राख टाकली. मग ते चालूच झालं. गल्लीत कुणी गेलं की त्या घरानं लावलेल्या झाडापाशी राख जायची. ज्यानं झाड लावलं नव्हतं त्याला शेजारी आपलं द्यायचे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या भागात सगळे आपापल्या शेतात जेवायला जातात. ज्यांना शेत नाही ती घरं पट्ट्यात जाऊन जेवायला लागली, झाडांपुढं आंबिलीचा आणि भज्जीचा नैवेद्य ठेवायला लागली. तिकडं म्हणायची जागा आता पट्टा झाली होती, आणि सकाळी डबा घेऊन तिकडं फिरकायची कुणाची छाती नव्हती.

मी या सगळ्यात होते, पण मला खरा अचंबा वाटला तो नंतर. झाडं डोक्याच्या वर गेली होती. हंगाम जोरात चालू होता. हरवलेली शेळी शोधायला मी पट्ट्यात शिरले आणि शेळी विसरून तिथंच उभी राहिले. कारखान्याचा आवाज, जो आमच्या कानात कायमचा बसलेला असतो, तो एकदम खाली गेला होता. आत कुठंतरी बुलबुल बोलत होता. मी भिंतीच्या बाजूची एक फांदी खाली ओढली. पान वरून तव्याच्या बुडासारखं काळं. पदरानं पुसलं तर खालून हिरवं निघालं. मी एकेक सरी ओलांडत घराकडं चालत आले आणि दर सरीला पान पुसून बघत आले. काळं कमी कमी होत गेलं. मधे आत्यांचा करंज होता, त्याच्या पानावर बोट फिरवलं तर नुसती धुरकट रेघ उठली. शेवटच्या सरीतलं पान मी पुसलं तेव्हा पदराला काहीच लागलं नाही. मी पुन्हा पुसलं. काहीच नाही. एवढ्याशा रुंदीत ते सगळं संपत होतं.

झाड म्हणजे सावली, लाकूड, शेळीला पाला, एवढंच मला माहीत होतं. ती उभ्या उभ्या आपल्या वाटणीचं काळं अंगावर घेतात, ओरडत नाहीत, चिडत नाहीत, हे मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. माझ्यासारखीनं एका धोतरासाठी गाव डोक्यावर घेतलं होतं. मी तिथं उभी राहून रडले आणि मग माझी मलाच लाज वाटून हसले. त्या वर्षी मी आणि वयनींनी हंगाम चालू असताना कुरडया घातल्या. दिवसभर आम्ही दोघी आळीपाळीनं वयनींच्या माळवदावर चढत होतो. कुरडया पांढऱ्या वाळल्या. वयनी पहिली कुरडई हातात घेऊन किती वेळ बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "तुज्या सासूला दावाय पायजे हुती."

पण सरीत लावलेलं ते सरीत लावलेलंच. झाडं एकमेकांच्या आधी उजेड गाठायला उसासारखी सरळ वर धावली. बुंधे बारीक राहिले, खालच्या फांद्या वाळून गळून गेल्या, पाला सगळा शेंड्याला जमला आणि खाली नुसते सोट राहिले. एका हंगामात सकाळी मी परातीवरचं फडकं काढलं आणि पिठावर काळा तुकडा दिसला. पट्ट्यात जाऊन पाहिलं तर या बाजूनं सोटांमधून थेट कारखान्याची भिंत दिसत होती. वाऱ्याला वाट मोकळी झाली होती. त्याच हंगामात माझ्या लेकीला खोकला लागला. झोपाळ्यावर बसलेली असताना तिच्या छातीतून एक बारीक आवाज आला. ओसरीवर मामा सुपारी कातरत होते, त्यांचा हात तिथंच थांबला. तो आवाज आमच्या घरात आधी कुणाचा होता हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

वनखात्याच्या बाईंना बोलावलं. त्यांचे केस आता पिकले होते. त्यांनी सगळा पट्टा हिंडून पाहिला आणि शेजारशेजारच्या जोड्यांवर चुन्याच्या खुणा केल्या. प्रत्येक जोडीतलं एक झाड काढायचं, मोकळ्या जागेत खाली झुडपं लावायची, राहिलेली झाडं मग अंगानं भरतील आणि खालीही फुटतील. कुठलं ठेवायचं ते त्यांनी घरांवर सोपवलं.

"दोन्हीतलं कुठलंही काढा, झाडाला फरक पडत नाही," त्या म्हणाल्या. "पण पावसाळ्याच्या आत काढा. आणखी दोन हंगाम असंच राहिलं तर हा पट्टा नसल्यासारखाच आहे."

झाडाला फरक पडत नव्हता, माणसांना पडत होता. मारुतीच्या पारावर बैठक बसली. विरळणी केली पाहिजे हे सगळ्यांना पटलेलं होतं. ज्वारीची विरळणी न करणारा माणूस आमच्याकडे कुणी नाही. पण ज्वारीच्या धाटाखाली कुणाची आई नसते. जो तो म्हणायचा, शेजाऱ्याचं काढा. आत्यांचा करंज आणि वयनींचा कडुनिंब ही एक जोडी होती. वयनी पदर कमरेला खोचून उभ्या राहिल्या.

"माजा मानूस जिता असताना त्येला कुनी बाजूला सर म्हनलं न्हाय. आता मेल्यावर म्हनायलेत व्हय?"

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हेच. "वयनी, उद्या तुमच्या नातवंडाच्या छातीत शिट्टी वाजायला लागली की कुणाला बाजूला सर म्हणणार?" मी म्हणाले. त्या माझ्यावर उसळल्या, मी त्यांच्यावर. बाकीचे सगळे मात्र आमच्याकडं बघतच नव्हते. ते मामांकडं बघत होते. राख झाडापाशी न्यायची रीत मामांनी पाडली होती. त्यांनी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांचीच सुटका होती. मामा उठले, टोपी झटकली आणि घरी निघून आले.

त्यानंतर ते रोज सकाळी करंजापाशी जाऊन बसायला लागले. मी चहा घेऊन जायची. पाठीला करंज, पुढं कडुनिंब, आणि मधे उकिडवे बसलेले मामा. बुंध्यावरची चुन्याची खूण त्यांच्या सदऱ्याला लागलेली असायची.

"काय करायलाव, मामा?"

"तुज्या आत्याला इचारायलो."

"काय म्हणत्यात?"

"कायबी न्हाय. भांडान झालं की पयलं बोलाय मलाच लागायचं, तवाबी आन आताबी."

मला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. ते ऐंशीच्या घरातले, आत्यांमागं एवढी वर्षं एकटे राहिलेले, आणि त्यांच्याकडं बायकोचं म्हणून उरलेलं ते एक झाड. नातीचा खोकला त्यांना ओसरीत ऐकू यायचा. मी त्यांना एकदाही 'काढू या' म्हणाले नाही. ते माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. हळदीकुंकवाचा करंडा घ्यायला सांगितला. स्वतः कुदळ आणि तुळशीची रिकामी कुंडी घेतली. दिराला करवत आणायला पाठवलं होतं. कुणाला काही कळवलं नव्हतं, पण आम्ही पट्ट्यात पोचेपर्यंत अर्धी गल्ली मागून आली. वयनी त्यांच्या कडुनिंबाला हात लावून उभ्या राहिल्या. आपल्या झाडावर कुणी चालून येतंय की काय, अशी त्यांची नजर होती.

मामांनी करंजाला हळदकुंकू लावायला सांगितलं. मी लावलं. त्यांनी बुंध्यावर दोन्ही हात ठेवले, कपाळ टेकलं आणि दिराला मानेनं खूण केली. दिरानं करवत लावली.  करंज बारीकच होता, दोऱ्या बांधून तो सरीच्या दिशेनं हळू खाली घेतला. वरून उजेडाचा मोठा तुकडा पट्ट्यात पडला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग मामा खाली बसले. त्यांचा बेत मला तेव्हा कळला. जिथं राख ओतली होती तिथली माती काढून कुंडीत भरायची आणि ती घरी नेऊन दारात तुळस लावायची, म्हणजे झाड गेलं तरी आत्या घरी येतील. जागा त्यांना बोटभर अंतरापर्यंत नेमकी माहीत होती. त्यांनी कुदळीनं अलगद वरचा थर ओढला आणि पुढं कुदळ शिरेना. त्यांनी हातानं माती बाजूला केली. मीही बसले आणि करायला लागले.

खाली माती नव्हतीच म्हटलं तरी चालेल. मुळं होती. जाड, बारीक, केसांएवढी, एकात एक गुंतलेली. आम्ही करंजाच्या बुडख्यापासून निघणारं मूळ धरलं तर ते पलीकडं निघून गेलेलं, आणि जिथं राख ओतली होती तिथं मात्र चहूबाजूंनी दुसरीच मुळं आलेली. मी त्यातलं एक जाड मूळ नखानं खरवडलं आणि नाकाशी नेलं. कडुनिंब. दुसरं खरवडलं, तेही कडुनिंबाचंच. मामांनी ते मूळ बोटांनी पकडून उलटीकडं माग काढत नेलं, माती उकरत, गुडघ्यांवर सरकत, आणि ते थेट वयनींच्या पायांपर्यंत जाऊन बुंध्यात शिरलं. राखेचा कण तिथं उरलेला नव्हता. इतकी वर्षं मामा ज्या करंजाला टेकून आत्यांशी बोलत होते, त्या करंजात आत्या असतीलही थोड्या. पण बाकीच्या कधीच शेजारी गेल्या होत्या.  मी जमिनीवर बसून नुसती वर बघत राहिले, त्या कडुनिंबाच्या शेंड्याकडं, जिथं नवा तांबूस पाला उन्हात हलत होता.

मामांनी हातांची माती झटकली. मग त्यांनी रिकामी कुंडी माझ्याकडं सरकवली आणि वयनींकडं मान वर करून बघितलं.

"वयनी, हिला तुमच्या मानसानं कवाच घरात घेतलंय की."

वयनींचा हात बुंध्यावरून सुटला. त्या माझ्या शेजारी येऊन गुडघे टेकून बसल्या, उघड्या पडलेल्या मुळांवर दोन्ही ओंजळींनी माती ओढायला लागल्या आणि आमच्यावर खेकसल्या, "बगत काय बसलाव? झाका आदी. ऊन लागायलंय तिला."